मुलगा विट्याकडं आजी-आजोबांजवळ, आम्ही सेलमला. आता त्याला घेऊन यावं का?

सेलमची_वैनी

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, थोडा लांबेल.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, विट्यापासून जवळ. तमिळनाडूत सेलमला आमचं गलाईचं दुकान आहे. आमच्या भागातल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. सराफांकडून येणारं जुनं सोनं-चांदी मुशीत आटवायचं, तेजाबात शुद्ध करायचं, टंच (शुद्धतेचं प्रमाण) काढून परत द्यायचं, असा हा धंदा. सेलमला चांदीच्या पैंजणांचं काम मोठं, म्हणून आमच्याकडं चांदी जास्त येते. पाऊस नाही, रानात काही पिकत नाही, म्हणून मागच्या पिढ्यांनी गाव सोडलं. तेव्हापासून खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर ह्याच कामात आहेत. कर्ती माणसं परमुलखात, म्हातारी माणसं आणि लेकरं गावात, हे घराघरात असतं.

आमचा मोठा तिसरीत आहे. अंगणवाडीच्या वयापासून सासू-सासऱ्यांजवळ. तेव्हा आम्ही दुकानाच्या माडीवरच राहायचो. खाली भट्टी, तेजाबाचा तांबूस धूर जिन्यातून वर यायचा आणि पोराचा खोकला काही केल्या हटत नव्हता. आत्या (सासूबाई) म्हणाल्या, "माझ्याकडं दे त्याला." गावी गेला आणि खोकला थांबला. धाकटी नंतर झाली. तोवर आम्ही दुकानापासून लांब भाड्यानं घर घेतलं होतं, त्यामुळं ती आमच्याजवळच राहिली. इथंच यूकेजीत आहे.

यंदा मामांना (सासऱ्यांना) लकव्याचा हलका झटका येऊन गेला. आता काठी घेऊन चालतात, बोलणं स्पष्ट आहे, फक्त डाव्या हातात जोर नाही. आमच्या ह्यांचं म्हणणं, आता पोराला घेऊन येऊ, आईवर दोघांचं ओझं नको. आत्या म्हणतात, "न्या की, तुमचं लेकरू हाय." पण हे बोलताना माझ्याकडं बघत नाहीत, भाकरी थापतच राहतात. मामा काहीच बोलत नाहीत. मुलाला विचारलं तर म्हणाला, "मग आबांच्या हाताला तेल कोण लावणार?" रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की तोच लावतो. आधी खांदा, मग कोपर, मग एकेक बोट. त्याला कुणी शिकवलेलं नाही, डॉक्टरांकडं बसून त्यानं बघितलं.

मे महिन्यात तो सेलमला आला होता. धाकटी शेजारच्या पोरींशी तमिळमध्ये खेळते, हा दारात उभा राहून बघायचा. सकाळी स्वतःचं अंथरूण घडी करून कोपऱ्यात ठेवायचा. "मम्मी, फ्रिजमधलं पाणी घेऊ का?" असं विचारायचा. स्वतःच्या घरात. ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी सांगा. आणावं की राहू द्यावं? आणायचं तर कधी?

कृष्णामाई_सांगली

ताई, वाचून पोटात तुटलं. उत्तर माझ्याकडं नाही. पण पोराचा प्रश्न आबांच्या हाताचा आहे, शाळेचा नाही, हे लक्षात ठेवून ठरवा.

स्पष्ट_सांगतो

माझं मत सरळ आहे. मूल आई-बापाजवळच वाढलं पाहिजे. आजी-आजोबांची माया कितीही असली तरी जबाबदारी तुमची. खोकल्याचं कारण होतं तोवर ठीक, आता वेगळं घर आहे. मुलगा पाणी विचारून घेतो, ह्याच्याइतकी स्पष्ट खूण दुसरी कुठली हवी? अजून चार-पाच वर्षं गेली की तो तुम्हाला काहीच विचारणार नाही, सांगणारही नाही. लगेच आणा.

माणदेशी_गडी

वरच्या दादांच्या मताचा आदर आहे, पण मी त्या पोराच्या जागी होतो म्हणून लिहितो.

आमचं आटपाडी तालुक्यात. वडील केरळात गलाईला, पुढं आईपण गेली. मी आणि थोरली बहीण आजीजवळ. माझ्या लेखी बाप म्हणजे चैत्रात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेला येणारा माणूस. येताना बिस्किटाचे पुडे, नवी चड्डी, केळ्याचे वेफर. मी आजीच्या मागं लपायचो. तो हाक मारायचा, आजी मला पुढं ढकलायची, "आरं, बाप हाय तुजा." परत जायला निघाला की मात्र रात्रभर झोप यायची नाही. दोन्ही खरं होतं.

आजीनं आम्हाला वाढवलं ते नुसतं सांभाळलं म्हणून नाही. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. मिलोच्या (बाहेरून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या) भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले हे ती सांगायची, तेव्हा बापाला घर सोडावं का लागलं हे मला न विचारता कळलं. आई-बाप मला टाकून गेले असं मला एकदाही वाटलं नाही, आणि ते आजीमुळं. ती रोज जेवताना त्यांचं नाव काढायची. "तुजा बाप आत्ता भट्टीम्होरं बसला आसंल, त्येला घाम आला आसंल, तू ताटात टाकू नगंस." हुलग्याचं माडगं मला आवडायचं नाही, तरी त्या वाक्यानं वाटी रिकामी व्हायची.

सातवीनंतर मला अचानक केरळात नेलं. कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. यात्रा झाली आणि माझं दप्तर बापाच्या बॅगेत दिसलं. मल्याळम येत नव्हतं, वर्गात मुका बसायचो. पण त्याहून जास्त म्हणजे गावी आजी एकटी पडली, आणि तिला सोडून मी आलो असं मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं. ती गेली तेव्हा मी तिकडंच होतो. मातीला पोचलो नाही, तिसऱ्याला पोचलो.

वैनी, आणा किंवा आणू नका. पण त्याच्या पाठीमागं ठरवू नका. आणि "आजीवर ओझं नको म्हणून तुला नेतो" असं तर चुकूनही त्याच्या कानावर पडू देऊ नका. तो स्वतःलाच ओझं समजेल.

स्पष्ट_सांगतो

माणदेशी दादा, शेवटचं वाक्य पटलं. "लगेच" हा शब्द मी मागं घेतो. आणा हे मत कायम आहे.

खडू_फळा

मी खानापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, आता निवृत्त आहे. आमच्या वर्गात गलाईवाल्यांची मुलं कायम असायची. पालकसभेला आज्ज्या यायच्या, डोक्यावर पदर, हातात पिशवी. प्रगतिपुस्तकावर पालकाच्या सहीच्या जागी अंगठा. एक आजी अंगठा उठवण्याआधी मला सगळे विषय वाचून दाखवायला लावायची आणि प्रत्येक विषयाला "बरं हाय का?" विचारायची. हिच्याइतकं लक्ष देणारे पालक मी कमी पाहिले.

म्हणजे अभ्यासात ही मुलं मागं पडतात असा माझा अनुभव नाही. पण पाचवी-सहावीच्या पुढं एक गोष्ट जाणवायची. मुलाच्या मनात जे चालतं ते आजीला सांगता येत नाही, कारण तिला त्रास होईल. आणि आई-बापाला सांगता येत नाही, कारण फोन दोन मिनिटांचा, "जेवलास का, अभ्यास झाला का" एवढाच. मग ते कुणालाच सांगत नाही. मुलगी असेल तर वयात येताना आई जवळ नसणं फार जड जातं, हे मी वर्गात पाहिलंय.

आता व्यवहाराचं. तमिळनाडूत 2006 च्या कायद्यानं तमिळ हा विषय पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला. म्हणजे चौथीत किंवा पाचवीत गेलेल्या मुलाला अक्षरापासून सुरुवात. पहिल्या वर्षी तो मागं राहील हे धरूनच चला, त्याला बोलू नका. शक्य असेल तर जाण्याआधी वर्षभर धाकटीकडून त्याला रोज थोडी तमिळ शिकू द्या. लहान बहीण शिकवते म्हटल्यावर दोघांत बोलणंही वाढेल. उलट पुढं परत गावी यायचं ठरलं तर आपल्याकडं 2020 च्या कायद्यानं सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, म्हणून सेलमलाही घरात मराठी वाचन-लेखन सोडू नका.

प्रवेशाची काळजी करू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वयाच्या मुलाला दुसऱ्या राज्यातल्या सरकारी किंवा अनुदानित शाळेतही जाता येतं. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि वयाला साजेसा वर्ग द्यावा लागतो.

माझं वैयक्तिक मत: न्यायचं असेल तर चौथी संपल्यावर न्या. आमच्याकडच्या बऱ्याच शाळा चौथीपर्यंतच असतात, शाळा तशीही बदलतेच. वर्गातले सगळेच पांगतात, तेव्हा एकट्याचं जाणं त्याला कमी टोचेल. सहावी-सातवीत मधूनच उचलू नका.

जावळीकर

आमच्याकडं सातारा जिल्ह्यात जावळी-पाटणला हीच गोष्ट मुंबईची. वडील मशीद बंदरला माथाडी. आमच्या गावकीची मुंबईत एक खोली होती. त्यात गावातले सगळे बाप्ये राहायचे, पाळीपाळीनं झोपायचे. तिथं बायका-पोरांना न्यायचा प्रश्नच नव्हता. आई गावातच, आजी-आजोबा, चुलते, आम्ही पोरं.

फरक एवढाच की आमची आई जवळ होती. त्यामुळं "आजी की आई" असं आमच्यापुढं कधी आलंच नाही. तुमच्या दोघांपैकी एकानं वर्षातून काही महिने सलग गावात राहणं जमेल का? सणाला चार दिवस येणं वेगळं. सणाला आलेला बाप पाव्हणा असतो, त्याला गोडधोड असतं. पोराला शाळेत सोडणारा, गृहपाठावरून ओरडणारा बाप पाहिजे.

सेलमची_वैनी

जावळीकर दादा, तेच तर अवघड आहे. आटणीचं काम दुसऱ्यावर सोडता येत नाही. लोकांचं सोनं असतं, जोखीम असते. चुलतदीर आमच्याच दुकानात शिकायला आहे, तो तयार झाला तर हे महिन्या-दीड महिन्यानं आठवडाभर येऊ शकतील. मी आले तर धाकटीच्या शाळेचं काय, हा प्रश्न.

बाई, तुमचं चौथीचं म्हणणं मला फार पटलं. धाकटीकडून तमिळ शिकायची कल्पना तर आम्हाला सुचलीच नसती.

कोचीवाला

फोनबद्दल एक सांगतो, आमच्याकडं उपयोग झाला. माझा मुलगा गावी माझ्या आईजवळ आहे. रोज फोन केला की दोघंही गप्प. काय बोलायचं? मग एकदा मी काम करता करता फोन समोर टेकवून ठेवला, व्हिडिओ चालू. तो तिकडं गृहपाठ करतोय, मी इकडं मूस भट्टीतून काढतोय. मधेच विचारतो, "पप्पा, ते लाल झालं ते काय?" सवागी (टाकणखार) कशाला टाकतात, चिमटा कसा धरतात, सगळं विचारलं त्यानं. आता तासभर फोन तसाच असतो, बोलणं असो नसो. आई पण मागून जाता-येता "जेवलास का रं" म्हणते, ते मला असतं.

वाचनमात्र_होते

कोचीवाला दादा, हे आजच सुरू करते. माझी दोन्ही लेकरं तासगावला आहेत.

कावेरीकाठ

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. आम्ही मुलांना पहिल्यापासून तमिळनाडूतच ठेवलं. इथंच जन्मली, इथंच शिकली, आता कॉलेजात आहेत. जवळ होती त्याचं समाधान आहेच. पण आजी-आजोबांचं नातं आपोआप होत नाही, ते मुद्दाम घडवावं लागलं.

एका वर्षी सासू-सासऱ्यांना इकडं आणलं. सासऱ्यांना करमेना. सकाळी उठून कुठं जायचं? पारावर बसायची सवय, इथं फ्लॅटचा दरवाजा बंद. कुणाशी बोलावं तर भाषा येत नाही. सासूबाई मंदिरात जाऊन बसायच्या तेवढंच. पोंगल व्हायच्या आत दोघं परत गेले. तेव्हा कळलं की म्हाताऱ्या माणसांना हलवण्यापेक्षा पोरांना हलवणं सोपं. मग मे महिना पूर्ण गावात, आमच्याशिवाय. पहिल्या वर्षी रडली, दुसऱ्या वर्षी परत यायला तयार नव्हती. शेळीचं दूध काढायला शिकली, आजीबरोबर शेंगोळे वळायला शिकली. दसऱ्याला सुट्टी जुळली की विट्याच्या पालख्यांची शर्यत बघायला आजोबांच्या खांद्यावर.

म्हणून वैनी, मुलाला सेलमला आणायचा विचार करताय तसाच धाकटीला गावी पाठवायचाही करा. तिलापण आजी-आजोबा आहेत की. तिचा भाऊ तिथं राजा असेल, इथल्यासारखा दारात उभा नसेल. ती त्याच्या मागं मागं फिरेल. भावंडांचं तिथंच जमेल.

सेलमची_वैनी

हे वाचून मी स्वयंपाक सोडून ह्यांना दुकानात फोन केला.

कागदपत्रं

थोडं कोरडं, पण लागतं. मूल आजी-आजोबांजवळ असलं तरी हिंदू अज्ञान पालकत्व कायदा 1956 नुसार नैसर्गिक पालक आई-वडीलच. रोजच्या गोष्टींना अडत नाही, पण शस्त्रक्रियेची संमती, पासपोर्ट अशा ठिकाणी आई-वडिलांना विचारतात. आजोबांची तब्येत अशी असताना एक करा. तुमच्या दोघांच्या सह्यांचं संमतिपत्र, आधारच्या प्रती आणि मुलाच्या औषधोपचाराची फाइल घरात एका जागी ठेवा, आणि शेजारचं एक भरवशाचं माणूस ठरवून त्याला दाखवून ठेवा. रात्री-अपरात्री आजोबांना दवाखान्यात न्यायची वेळ आली तर पोराजवळ कोण थांबणार, हेही आधीच ठरलेलं असावं. मुलाचं आधार 5 वर्षांनंतर बोटांच्या ठशांनी अद्ययावत केलंय का तेही बघा, पुढं 15 ला परत करावं लागतं. शाळा बदलताना तिथंच अडतं.

आबा_आटपाडी

नातीकडून टाइप करून घेतोय. सगळं वाचून दाखवलं तिनं.

लेकी, समद्यांनी पोराचं सांगितलं, आई-बापाचं सांगितलं. सासऱ्याला कुनी इचारलं का? तू लिवलंस, मामा काय बोलत न्हाईत. आमी बोलत न्हाई त्येचं कारण हाय. लेक बाहेर राबतोय, त्येला घोर नको. आनि आपुन आजारी पडलो, मंजी आपल्या शब्दाला वजन ऱ्हायलं न्हाई आसं वाटतं. नातू ठिवा म्हणावं तर लेक म्हनंल, ह्येनला पोराची सेवा पायजे. न्या म्हणावं तर घर खायला उठतंय. मग मानूस गप बसतो.

माजा थोरला लेक बाहेर हाय, धाकटा हितं. टेंभूचं पानी आलं तवापास्नं धाकट्यानं डाळिंब लावलंय. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पानी उचलून हिकडं आनलंय, आमच्या हयातीत हे हुईल आसं वाटलं नव्हतं. ज्या रानात कुसळ उगवत नव्हतं तितं बाग हाय. माज्या थोरल्याला मी त्योंडानं म्हनलो न्हाई कवा, की आता ये. त्येनं इचारलं आसतं तर म्हनलो आसतो.

तुज्या मालकाला सांग, फोनवर नको, हितं येऊन बापाच्या शेजारी बसून इचार. आई नसताना इचार. बायकांम्होरं मानूस खरं बोलत न्हाई.

माणदेशी_गडी

आबा, राम राम. डोळ्यात पाणी आणलंत.

स्पष्ट_सांगतो

आबांना नमस्कार. मी ह्या बाजूनं विचारच केला नव्हता.

सेलमची_वैनी

मंडळी, धागा वर आणतेय कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, तर पुढं काय झालं ते सांगायला हवं.

हे मिरजेला उतरून गावी गेले, एकटेच. आत्या विट्याला बाजाराला गेल्या होत्या तेव्हा मामांजवळ बसले. आटपाडीच्या आबांनी सांगितलं तसंच विचारलं. मामा आधी म्हणाले, तुमी म्हणाल तसं. हे उठले नाहीत. मग मामा बोलले. "पोराची चौथी हितं हुंद्या. त्येच्या हातानं माजा हात सुधारतोय." आणि थोड्या वेळानं, "मग त्येला एकट्यालाच कशाला नेताय? तुमीच समदी हिकडं का येत न्हाईसा?"

ह्यांना हे अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. आमच्या वरच्या रानात टेंभूचं पाणी अजून चढत नाही, खालच्या तुकड्यात यंदा आलंय. तेवढ्यावर घर चालणार नाही, दुकानाचं कर्जही आहे. ह्यांनी बापाला "बघतो" असं सांगितलं, आणि ते खोटं सांगितलेलं नाही. खरंच बघतायत. रात्री कागदावर काहीतरी मांडत बसतात.

तोवर एवढं ठरलंय. चौथी गावातच. धाकटी ह्या मे महिन्यात पूर्ण गावाला, आमच्याशिवाय. चुलतदिराला आटणी जमायला लागलीय, म्हणून हे दर दीड महिन्यानं आठवडाभर गावी, आणि त्या आठवड्यात शाळेत सोडायचं, दवाखान्यात न्यायचं, सगळं ह्यांनीच. मी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत राहायचा प्रयत्न करणार आहे, धाकटीच्या शाळेत बोलून बघते. संमतिपत्र केलं, फाइल आत्यांच्या कपाटात ठेवली, शेजारच्या काकींना दाखवली.

मुलाला हे सगळं ह्यांनीच सांगितलं, अंगणात बसून. तो म्हणाला, "पाचवीचं कधी ठरवायचं?" ह्यांनी सांगितलं, तुला विचारूनच ठरवू. त्यावर त्यानं ह्यांना दप्तरातली वही काढून दिली, धाकटीनं फोनवर सांगितलेली तमिळ अक्षरं त्यात लिहिली होती. काही उलटी आहेत. धाकटी त्याला रोज ओरडते.

आबा, तुमच्या धाकट्या मुलाची बाग बघायला आमचे हे पुढच्या वेळी यायचं म्हणतायत. चालेल का?

आबा_आटपाडी

चालंल का म्हंजे? येऊ द्या. नातीनं नंबर निरोपात धाडलाय. डाळिंबाला खर्च किती, तेल्या रोगाचं काय, औषदं किती मारावी लागत्यात, समदं माजा धाकटा खरं खरं सांगंल, नुसतं गोड सांगायचा न्हाई. आनि पोराला संगं आना. माज्या बी गुडघ्याला तेल लावायचंय.